कात्री लावण्याआधी

सेमिस्टर संपते, हॉस्टेलची खोली रिकामी करायची वेळ येते आणि कॉटखालून एक ढीग बाहेर निघतो. गुडघ्यावर विरलेली जीन्स, फेस्टचा व्हॉलंटियर टी-शर्ट (दुसऱ्यांदा कधीच न घातलेला), आयकार्डची मळकी रिबन, एसटीची तिकिटं, मोडलेल्या छत्रीचं कापड, कुणीतरी दिलेल्या चॉकलेटचा जपून ठेवलेला चंदेरी कागद. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. घरी नेलं तर कपडे बोहारणीकडे जातात आणि बदल्यात एखादं स्टीलचं पातेलं येतं. पातेलं बरीच वर्षं टिकतं, हे खरं. पण याच ढिगातून भिंतीवर टांगण्याजोगं एक चित्र शिवता येतं. कापड, कागद, प्लॅस्टिक, दोरा असं सगळं एकत्र घेऊन, गोधडीसारखे थर करून. जगभर याला आर्ट क्विल्ट म्हणतात. आपण सोयीसाठी गोधडी-कोलाज म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, हे तर रील्सवर रोज दिसतं. दिसतं, आणि प्रॉब्लेम तिथेच आहे. मॅचिंग रंगांच्या चौकोनी तुकड्यांचं तयार पाकीट ऑनलाइन मागवायचं, डाउनलोड केलेला पॅटर्न समोर ठेवायचा आणि रेषेवरून शिवत जायचं. त्यानं हात सुधारतो, त्याबद्दल वाद नाही. पण अशी दहा क्विल्ट्स शेजारी ठेवली तर कुठलं कुणाचं, हे करणाऱ्यांनाही पटकन सांगता येणार नाही. ‘ओरिजिनल’ म्हणजे आजवर कुणीच न काढलेलं डिझाइन, असा आपला समज असतो. ते सुचत नाही म्हणून आपण पुन्हा पिंटरेस्ट उघडतो. अहो, चौकोन, पट्टी आणि त्रिकोण कुणाच्याच मालकीचे नाहीत. वेगळेपण येतं ते तुकडा कशाचा आहे आणि तो तुम्ही का कापलात, यावरून.

याचं मला सगळ्यात जास्त भिडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेलं जीज बेंड नावाचं खेडं आहे. कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज तिथे राहतात. थंडी कडक आणि पैसा नाही, म्हणून तिथल्या बायका जुन्या कपड्यांची क्विल्ट्स शिवायच्या. त्या गावातल्या मिसूरी पेटवे यांचा नवरा वारला. १९४२ साली त्यांनी त्याचे कामाचे कपडे बाहेर काढले, कापले आणि मुलीला मदतीला घेऊन त्यांचं क्विल्ट शिवलं. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर पांघरता यावी, एवढाच हेतू. डिझाइन म्हणाल तर लांब पट्टे आणि ठोकळे. तसे कुणीही काढील. पण ते कपडे दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

या गावातली क्विल्ट्स २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागली आणि समीक्षक त्यांची तुलना थेट मॉडर्न पेंटिंगशी करू लागले. २००६ मध्ये अमेरिकी पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. (पुढे पैशांच्या वाटणीवरून काही जणी कोर्टातही गेल्या. कला म्हटली की हेही आलंच.) अंगावर घ्यायची वस्तू भिंतीवर गेली, पण तिच्यातला टाकासुद्धा बदलला नव्हता.

आपल्याकडे काय वेगळं होतं? उन्हाळ्यात दुपारच्या वेळी ओसरीवर जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर पसरायचे, चार कडांना चौघी बसायच्या आणि धावदोरा घालत घालत गावभरच्या गप्पा व्हायच्या. पावसाळ्याआधी वाकळ तयार. गोधडीत पश्चिमेकडच्या क्विल्टसारखा मध्ये वेगळा कापसाचा थर लागतोच असं नाही, कपड्यांवर कपडेच रचले जातात. त्यामुळे फाटक्या गोधडीतून आतली जुनी साडी डोकावते आणि कुणीतरी म्हणतं, “अगं, ही तर काकूच्या लग्नातली!” म्हणजे आपल्या घरात कोलाज आधीपासून होतंच, फक्त पोटात लपवलेलं होतं. आणि वर लावलेल्या तुकड्याला आपण ठिगळ म्हणायचो. या शब्दात जी लाज आहे ती मात्र काढून टाकायला हवी, कारण हे सगळं कामच ठिगळांचं आहे.

ठिगळाचा थाट बघायचा असेल तर फार लांब जायला नको. गोव्याच्या खाली, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यातले बरेच जण गोव्यातल्या गुलामगिरीतून निसटून या जंगलात आले. त्यांच्या बायका ‘कवंद’ शिवतात. आधी मध्य भरायचा आणि मग कडा, ही आपली सवय. त्या नेमकं उलटं करतात. कडेपासून सुरुवात करून चारही बाजूंनी आत आत येतात, आणि कोपऱ्यांना छोटे घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना म्हणतात फुलं. फुलांशिवाय कवंद उघडं वाटतं, अपुरं वाटतं. कागदावर आधी आखणी नाही, हाताला येईल तो तुकडा पुढे. तरी दोन कवंद एकसारखे नसतात.

तर मग कोलाज हा शब्द यात कुठून आला? तो फ्रेंच, अर्थ साधा, चिकटवणं. १९१२ मध्ये पिकासोनं वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि फ्रेमऐवजी भोवती चक्क दोरखंड गुंडाळला. चित्रात खरी वस्तू घुसली, याची तेव्हा मोठी चर्चा झाली. गोधडी शिवणाऱ्या बायांना यात नवल वाटलं नसतं. फरक एवढाच, की कोलाजमध्ये तुकडे डिंकावर टिकतात आणि गोधडीत टाक्यावर. आपल्या कामात दोन्ही लागतं. पण भिस्त टाक्यावर ठेवा. डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो आणि सुटतो.

कापू की नको?

कामाला सुरुवात इथून होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड भागही हाच. जीन्स कापताना काही वाटत नाही. आजोबांचा सदरा हातात घेतला की कात्री थांबते. कापलेलं कापड परत जोडता येतं, पण सदरा परत सदरा होत नाही. म्हणून इथे घाई नको. आधी त्या कपड्याचे उजेडात नीट फोटो काढा, पुढून, मागून, कॉलरवरची शिंप्याची पट्टी असेल तर तिचासुद्धा. मग घरात विचारा. तुमच्यासाठी तो आजोबांचा सदरा असेल, आत्यासाठी तो वडिलांचा आहे, आणि तिनं तो कपाटात का ठेवलाय हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल. ती नाही म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली, तरी अख्खा कापायची गरज नसते. एक बाही, एक खिसा पुरतो. किंबहुना खिसाच घ्या. खिसा उसवून काढला की खाली न विटलेल्या कापडाचा गडद चौकोन राहतो, आणि तो चौकोन कुठल्याही विकतच्या प्रिंटपेक्षा जास्त बोलतो. जीज बेंडच्या क्विल्ट्समध्ये असे चौकोन दिसतात.

आईच्या साड्यांचंही तसंच. जरीची जुनी रेशमी साडी घडीवर उभी फाटत असेल तर ती तशीच शिवू नका, टाका ओढला की अजून चिरेल. तिच्या मागे पातळ मलमलचा तुकडा लावून मग घ्या. आणि ‘ही फाटलेली आहे’ यावर स्वतः निर्णय घेऊ नका. आईच्या दृष्टीनं ती फाटलेली नसते.

विषय काय असावा? ‘निसर्ग’, ‘स्त्री’, ‘स्वातंत्र्य’ असे पोस्टर स्पर्धेचे विषय घेतले की काम पोस्टरसारखंच होतं. त्यापेक्षा एक रस्ता घ्या, रोज कॉलेजला जाता तो. किंवा एक खोली, एक वर्ष, एक माणूस. विषय लहान असला की कुठली वस्तू आत येणार आणि कुठली नाही हे आपोआप ठरतं. सातारा-पुणे असा दर शनिवार-रविवारचा प्रवास हा विषय असेल, तर चॉकलेटचा कागद कितीही सुंदर असो, त्याचा इथे काय संबंध? बाजूला ठेवा. असेल संबंध तर मात्र मधोमध लावा आणि कुणी विचारलं तर लाजू नका.

मांडामांड

पहिल्याच फटक्यात बेडशीटएवढं काही काढू नका. १८ बाय २४ इंच भरपूर झालं. खरेदी म्हणाल तर मीटरभर मांजरपाट, सुया, सुती दोरा, एवढंच. मांजरपाट आधी पाण्यातून काढून वाळवा. नवं सुती कापड आटतं आणि नंतर आटलं तर सगळं काम आक्रसतं. ज्या तुकड्यांचा रंग जाण्याची भीती असेल, विशेषतः लाल आणि काळे, त्यांवर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमाल रंगला तर तो तुकडा वेगळा धुवा.

मांजरपाट जमिनीवर पसरून त्यावर तुकडे नुसते ठेवत जा. शिवायचं नाही, चिकटवायचं नाही. इथे फोनचा एक मस्त उपयोग आहे. मांडणीचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. डोळ्याला लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे रंग दिसत असतात, पण फोटोत तिन्ही एकच करडे निघाले तर चित्र लांबून सपाट दिसणार. कुठेतरी ठळक गडद, कुठेतरी स्वच्छ फिकं हवं. साडीच्या आतल्या बाजूचा रंग बरेचदा फिका असतो. तुकडा उलटा करून बघा, नवीन कापड शोधायची गरज पडत नाही.

मग झोपा. सकाळी परत बघा. रात्री ‘भारी’ वाटलेल्या मांडणीतला निम्मा पसारा सकाळी नको वाटतो. (रूममेटला त्या रात्रीपुरतं पायाखाली बघून चालायला सांगा.) पक्कं झालं की पुन्हा फोटो काढा आणि तुकडे टाचण्यांनी किंवा कच्च्या टाक्यांनी अडकवून ठेवा. कडांचं काय करायचं ते प्रत्येक तुकड्याला वेगळं ठरवा. पाव इंच आत दुमडून शिवली की कड नीटनेटकी दिसते. तशीच सोडली तर दोरे सुटतात, आणि जीन्सला ते शोभतंही. सगळ्याच कडा साफ केल्या तर काम शाळेतल्या शिवणाच्या तासासारखं दिसतं, असं माझं मत.

इस्त्री, तिकीट आणि वेफर्सचं पाकीट

कापडापलीकडच्या वस्तू घेतल्या की प्रत्येकीचा स्वभाव वेगळा निघतो. एसटीच्या मशीनमधून येणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. उष्णता लागली की काळं पडतं आणि नुसतं ठेवलं तरी महिन्या-महिन्यानं अक्षरं उडतात. म्हणजे इस्त्री फिरवली की सातारा-पुणे प्रवास काळाकुट्ट. त्याची झेरॉक्स काढून ती वापरा, किंवा अक्षरं उडणं हाच चित्राचा भाग आहे असं ठरवून खरं तिकीट लावा. दोन्ही चालेल, फक्त ते ठरवून झालेलं असू द्या. साधा कागद असेल तर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलनं पातळ मलमलवर चिकटवून पूर्ण वाळू द्या आणि मगच शिवा. टाके लांब घाला. जवळजवळ टाके घातले की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकं पडतात आणि कागद तिथेच फाटतो.

वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या यांना इस्त्रीजवळही नेऊ नका, वितळतात. शिवाय प्लॅस्टिकमधलं सुईचं भोक कायमचं. कापडातून चुकीचा टाका उसवता येतो, इथे नाही. म्हणून टाचणीऐवजी क्लिप लावा. जीन्सची शिवण चार-चार पदरी असते, ती टाळून कापा, नाहीतर सुया मोडत बसाल. आणि चकचकीत फेव्हिक्विक वगैरे कापडावर नको. ते कडक होतं, सुई आत जातच नाही.

वस्तू किती आणि कुठल्या लावायच्या याला तसा अंत नाही. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक क्विल्ट सुरू झालं. प्रत्येक माणसामागे तीन बाय सहा फुटांचा एक तुकडा, साधारण थडग्याच्या आकाराचा. मित्रांनी, आयांनी, जोडीदारांनी त्यावर जीन्स शिवल्या, पत्रं लावली, टेडी बेअर, किल्ल्या, काहींनी केससुद्धा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ते पहिल्यांदा पसरलं तेव्हा १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५० हजार आहेत आणि वजन ५४ टन. त्या काळी या आजाराचं नाव घ्यायलाही लोक घाबरत होते. तिथे कुणी ‘किल्ली कापडाला शोभते का’ असं विचारलं नसावं.

टाक्यांनी काढलेली रेघ

वरचा भाग तयार झाला की थर रचा. खाली अस्तर (जुनी सुती साडी उत्तम, चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त), मध्ये मऊ झालेली चादर, वर तुमचं चित्र. टॉवेल मध्ये घालू नका, सुई अडते. मग धावदोरा. मध्यापासून बाहेर जात राहिलं की कापड सरकत सरकत कडेला जातं आणि मध्ये फुगा येत नाही. सिद्दी बायांसारखं बाहेरून आत जायचं धाडस दुसऱ्या-तिसऱ्या कामात करा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असेल तर छान. सगळे सारखे आले नाहीत तरी हरकत नाही, पण थरांतून आरपार जायला हवेत. वरवरचे टाके घातले तर ते नुसतं सजावटीचं भरतकाम होतं, थर एकमेकांना धरत नाहीत. तिकिटं, कागद, मणी अशा नाजूक गोष्टी हे सगळं उरकल्यावर अगदी शेवटी लावा.

आणि धावदोरा फक्त जोडायला नाही. गडद कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं तो चक्क रेखाटन करतो. रोजच्या रस्त्याचा गुगल मॅपवरचा आकार कार्बन पेपरनं उतरवून त्यावर टाके घाला, बघा कसा दिसतो.

शब्दही शिवता येतात, किंवा सरळ लिहिता येतात. फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्या न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३० साली जन्मल्या, २०२४ मध्ये गेल्या. १९७२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये त्यांनी कापडाच्या चौकटीतली तिबेटी थांका चित्रं पाहिली आणि आपल्या कॅनव्हासला कापडाची किनार लावायला सुरुवात केली. १९८० मध्ये कपडे डिझाइन करणाऱ्या आईसोबत पहिलं क्विल्ट केलं. त्यांचं आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी गोष्टी क्विल्टवरच लिहायला घेतल्या. जो चित्र बघायला येईल तो वाचेलच. ‘टार बीच’ या १९८८ च्या कामात हार्लेममधल्या इमारतीच्या गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्री जमलेलं कुटुंब आहे आणि त्यांच्यावरून, पुलावरून उडणारी मुलगी. मधलं चित्र कॅनव्हासवर रंगवलेलं, भोवती छापील कापडाचे चौकोन, आणि पट्ट्यांवर लिहिलेली गोष्ट. आज ते गुगेनहाइम म्युझियममध्ये आहे. क्विल्टचा आणखी एक फायदा त्यांना कळला होता. जड फ्रेम नाही, गुंडाळलं की काखेत मारून कुठेही नेता येतं. हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काम झाल्यावर अस्तराच्या कडा पुढे दुमडून शिवून टाका, तीच किनार. मागे वरच्या बाजूला नेफ्यासारखी चार इंची पट्टी शिवा आणि त्यातून काठी घाला. खिळे थेट कापडात ठोकू नका, वजनानं कापड खाली ओघळतं आणि भोकं रुंद होतात. खिडकीच्या समोरची, थेट ऊन येणारी भिंत टाळा. अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरी पट्टी लावून तिच्यावर तुमचं नाव, वर्ष आणि कुठला तुकडा कुणाचा ते लिहा: सदरा आजोबांचा, काठ आईच्या कॉटनच्या साडीचा, निळं ते बारावीच्या युनिफॉर्मचं. पर्मनंट मार्करनं लिहा. बॉलपेन नको, शाई पसरते.